फोटोवर छापलेला पत्ता: पूर्व उपनगरातल्या एका समुपदेशन केंद्राचं प्रकरण

संस्था छोटी आहे, चौदा जणांची. पूर्व उपनगरात, सेंट्रल लाईनला. नवऱ्यापासून लपून राहणारी एक बाई तिथे यायची, तिला शोधत नवरा माणसं घेऊन केंद्रात घुसला, त्या घटनेबद्दल हे आहे. नेमकी वस्ती लिहीत नाही कारण त्या बाईचा आणि स्टाफचा धोका अजून पूर्ण संपलेला नाही, आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशील मुद्दाम बदललेत. घटना झाल्यावर ट्रस्टींनी मला टीमसोबत बसायला बोलावलं, सगळ्यांशी वेगवेगळं बोलून काय झालं ते लावून द्या म्हणाले, त्यातून हे लिहिलंय. संस्थेने लिहायची परवानगी दिलीय कारण मुंबईत अशा शेकडो छोट्या संस्था सेम अवस्थेत काम करतायत असं त्यांना वाटतं, आणि मलाही वाटतं.

जागा म्हणजे एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगच्या तळमजल्यावरचा हॉल, बालवाडी-कल्याण केंद्रासाठी ठेवलेला असतो तसला, सोसायटीकडून अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेला. मध्ये पार्टिशन टाकून दोन खोल्या केल्यात. पुढे शिवणक्लास, मंगळवार आणि शुक्रवार दुपारी दोन ते चार. मागच्या खोलीत समुपदेशन, म्हणजे नवऱ्याची मारहाण, सासरचा छळ, पोटगी, मुलांचा ताबा हे सगळं. शिवणक्लास ही फार चांगली आयडिया आहे खरं तर, कारण बाई घरी सांगू शकते की मशीन शिकायला चालले. बाहेरचा दरवाजा एकच. खिडक्यांना पक्कं ग्रिल. मागच्या खोलीच्या दाराची कडी गेल्या पावसाळ्यात फुगून बसत नव्हती ती तशीच राहिलेली. आणि टेबल असं लावलेलं की काउन्सेलरची खुर्ची भिंतीला, दार बाईच्या पाठीमागे, म्हणजे कोणी आत आलं तर त्याच्या आणि काउन्सेलरच्या मध्ये ती बाई आणि टेबल, आणि दोघींनाही बाहेर पडायला तोच एक रस्ता. मी नंतर त्या खुर्चीवर बसून बघितलं, तेव्हा दाराबाहेर कोण उभं आहे ते दिसतसुद्धा नाही हे लक्षात आलं.

त्या मंगळवारी

ही बाई दोन मुलांना घेऊन नवऱ्याचं घर सोडून मामाकडे दुसऱ्या उपनगरात राहत होती. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करायचं चाललेलं, कागद जमत होते, आणि आठवड्यातून दोनदा ती क्लासला यायची. नवऱ्याला ती कुठे आहे हे माहीत नव्हतं.

शिवणक्लास एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीच्या, फंडातून चालायचा. दर महिन्याच्या रिपोर्टला जिओटॅगवाले फोटो लागायचे, म्हणजे ते अ‍ॅप असतं ना, फोटोच्या खाली काळी पट्टी येते, त्यात छोटा नकाशा, पूर्ण पत्ता, अक्षांश-रेखांश, तारीख, वार, वेळ सगळं छापलेलं. संस्थांमध्ये हे अ‍ॅप आता हजेरीपटासारखं झालंय, डोनर मागतो म्हणून सगळे वापरतात. घटनेच्या आदल्या मंगळवारच्या फोटोत बारा बायका, तिसऱ्या मशीनवर ही, चेहरा अर्धाच, पण ओळखणारा ओळखेल इतका. फोटो ऑफिसच्या रिपोर्टिंग ग्रुपवर गेला. ग्रुपमधल्या एका कॉलेजच्या व्हॉलंटिअर मुलीने कौतुकाने तो स्वतःच्या स्टेटसला ठेवला. तिच्या कॉन्टॅक्टमध्ये नवऱ्याच्या ओळखीतलं कोणीतरी होतं.

मी त्या मुलीबद्दल एक शब्द वाईट लिहिणार नाही. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की खोलीत बसलेल्या बायकांपैकी कोणाला लपून राहावं लागतंय. सांगायची पद्धतच नव्हती.

त्या पट्टीने नवऱ्याला काय काय दिलं बघा. बिल्डिंग दिली, वार दिला, वेळ दिली. पुढच्या मंगळवारी पावणेतीनला तो आला, सोबत दोघं. गेटवर वॉचमनला म्हणाला वहिनींना न्यायला आलोय, घरी कोणाची तब्येत बिघडलीय. वॉचमनने बोट करून दाखवलं, क्लास तिकडे. त्यात त्या वॉचमनचा काय दोष, एजन्सीचा माणूस, येऊन थोडेच दिवस झालेले, त्याच्या हातात फक्त गाड्यांच्या नंबरांची वही दिलेली.

ती बाई नेमकी त्या वेळी मागच्या खोलीत कागदांवर सह्या करत होती. पुढच्या खोलीत नवरा एकेका मशीनपाशी जाऊन चेहरे बघत फिरला, शिवण शिकवणाऱ्या ताई कोण तुम्ही, कोण तुम्ही करत मागे मागे. टेबलावर हजेरीचं रजिस्टर उघडं होतं. नाव, मोबाईल, राहण्याचा पत्ता, सही. त्याने पान बघितलं आणि मोबाईलने फोटो काढला. हे ताईंनी पाहिलं, पण त्या क्षणी त्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात उतरला नाही, समोर तीन माणसं ओरडतायत तेव्हा कोणाच्याच नाही उतरणार.

मग तो पार्टिशनच्या दाराकडे वळला, आणि तिथे साफसफाई करणाऱ्या मावशी उभ्या राहिल्या. मावशी साठीच्या आसपास, हातात ओला फडका. म्हणाल्या, आत वॉर्ड ऑफिसचे साहेब बसलेत, मीटिंग चालू आहे, बाहेर थांबा. आत साहेब वगैरे कोणी नव्हतं. पण तो थबकला, सोबतच्याला म्हणाला अरे थांब जरा, आणि त्या मिनिट-दोन मिनिटांत आतल्या दोघींनी लोखंडी टेबल सरकवून दाराला लावलं. मावशींना हे कोणी शिकवलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, साहेब म्हटलं की हे लोक जरा वचकतात, मला माहितीय. एवढ्या सगळ्या प्रकरणात वेळेवर केलेली बरोबर गोष्ट ही एकच, आणि ती संस्थेतल्या सगळ्यात कमी पगाराच्या व्यक्तीने केली.

नंतर दारावर लाथा, एक मशीन आडवी पाडली, क्लासच्या बायका बाहेर पळाल्या. आतून काउन्सेलरने फोन लावला तो पोलिसांना नाही, कोऑर्डिनेटर ताईंना, तीनदा. ताई बीकेसीला डोनरच्या ऑफिसात, फोन सायलेंटवर. शिवणवाल्या ताईंनी फोन लावला तो नाक्यावरच्या मंडळाच्या ओळखीच्या मुलाला. ११२ ला फोन केला तो पहिल्या मजल्यावरच्या रहिवाशी आजोबांनी, जवळजवळ वीस मिनिटांनी, तेही आवाज फार झाला म्हणून. संस्थेतल्या प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्याने केला असेल. आजोबांना विचारलं पत्ता काय, तर त्यांनी वस्तीचं जुनं नाव सांगितलं कारण बिल्डिंगला सोसायटीचं नवीन नाव लागलं तरी सगळे जुनंच म्हणतात, त्यामुळे पोलिसांची गाडी आधी पलीकडच्या गल्लीत गेली.

आधी कोण आलं

मंडळाची पोरं पाच मिनिटांत आली. ह्या मुद्द्यावर मला जरा थांबायचंय, कारण सुरक्षेच्या ज्या ट्रेनिंग होतात त्यात हे कधी येत नाही आणि मुंबईच्या वस्तीत प्रत्यक्षात होतं ते हेच.

पोरांनी नवऱ्याला धरून बाहेर काढलं. ती नसती आली तर काय झालं असतं ह्याचा विचारही करवत नाही, त्यांचे आभार मानायलाच हवेत आणि संस्थेने मानलेत. पण मग त्यांच्यातल्या एकाने त्याला ओळखलं, लांबच्या नात्यातला निघाला. आणि पुढच्या अर्ध्या तासात त्याच हॉलमध्ये, आडव्या पडलेल्या मशीनशेजारी, खुर्च्या मांडून समेटाची बैठक बसली. वहिनी बाहेर या, बोला काय झालं ते, आम्ही आहोत ना, मुलांकडे बघून मिटवून टाका. ती बाई बाहेर आली, तिला यावंच लागलं, दहा-बारा अनोळखी पुरुषांसमोर तिला सांगायला लागलं की तो काय करायचा. काउन्सेलरने मध्ये बोलायचा प्रयत्न केला तर तिलाच सांगितलं, मॅडम तुम्ही घरं तोडू नका.

म्हणजे जीव वाचला आणि गुप्तता गेली. ज्याने मदत केली त्यालाच आता थांब म्हणायची ताकद संस्थेकडे नव्हती, कारण आधी कधी बोलणंच झालेलं नव्हतं की मदत लागली तर कुठपर्यंत. वस्तीत काम करायचं तर मंडळ, शाखा, सोसायटीची कमिटी ह्यांच्याशी संबंध लागतातच, ते तोडा असं सांगणाऱ्याने वस्तीत काम केलेलं नसतं. पण नातं चांगलं असतं तेव्हाच सीमा बोलून घ्यायची असते. संस्थेने नंतर मंडळाच्या अध्यक्षांकडे जाऊन तेवढंच सांगितलं की आम्ही फोन केला तर गेटवर या, कोणाला आत सोडू नका, तुम्ही स्वतःही आत येऊ नका, पुढचं पोलिस बघतील. अध्यक्ष आधी जरा नाराज झाले, मग म्हणाले बरोबर आहे, आमच्याही घरात बायका आहेत.

पोलिस आले, सगळे स्टेशनला गेले. एनसी झाली, दमदाटीची. अदखलपात्र गुन्हा म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिस त्यात तपास करू शकत नाहीत, त्यामुळे नवरा संध्याकाळी सहाच्या आत बाहेर. आणि साधारण त्याच सुमाराला, स्टेशनच्या बाकड्यावर बसल्या बसल्या, शिवणवाल्या ताईंना एकदम आठवलं की अगं त्याने रजिस्टरच्या पानाचा फोटो काढला होता. रजिस्टरमध्ये मामाचा पत्ता होता. मुलं तेव्हा मामाकडेच होती.

मामांना फोन गेला, मुलं शेजाऱ्यांकडे हलवली, रात्री बाईची आणि मुलांची सोय दुसरीकडे झाली. पण मधले तीन तास कोणालाच कळलं नव्हतं की पत्ता फुटलाय. तो स्टेशनमधून थेट मामाकडे गेला असता तर त्याच्या आधी कोणीच पोचलं नसतं.

हे अचानक झालं का

संस्थेच्या पहिल्या नोटमध्ये शब्द होता अनपेक्षित घटना. मी सगळ्यांशी बोलायला लागले आणि तो शब्द टिकेना.

फील्डवर्कर म्हणाली, आठवड्यापूर्वी एक बाईकवाला दोनदा विचारून गेला की बायकांचे क्लास इथेच असतात का. आधीच्या वॉचमन काकांना हे माहीत होतं, पण ते बदलून गेले आणि माहिती त्यांच्यासोबत गेली. ऑफिसच्या मोबाईलवर ब्लँक कॉल येत होते, ते मावशींना माहीत, कारण सकाळी ऑफिस उघडतात त्या. काउन्सेलरला एकदा वाटलं की स्टेशनपर्यंत कोणीतरी मागे होतं, तिने ते फक्त स्वतःच्या नवऱ्याला सांगितलं, ऑफिसात नाही, कारण ऑफिसात सांगितलं तर म्हणतील ही घाबरते. आणि ज्या कोऑर्डिनेटरकडे ह्या तिन्ही गोष्टी एकत्र यायला हव्या होत्या त्यांच्याकडे एकही आली नाही. आली असती तर त्या दिवशी त्यांनी क्लास बंद ठेवला असता, असं त्या स्वतः म्हणाल्या आणि मला ते खरं वाटतं, फार जबाबदार बाई आहेत.

माझ्या दृष्टीने ह्या प्रकरणाचा गाभा हा आहे. कॅमेरा नव्हता, कडी मोडकी होती, हे सगळं आहेच. पण धोक्याची माहिती संस्थेत होती, ती मावशी, वॉचमन, फील्डवर्कर ह्यांच्याकडे होती, आणि त्यांचं ऐकायला जागा नव्हती. सोमवारच्या मीटिंगमध्ये टार्गेट होतं, किती गृहभेटी, किती नवीन केसेस, किती फोटो. काय विचित्र दिसलं का, कोणाला भीती वाटली का, असा प्रश्न अजेंड्यावर नव्हता. मावशी तर मीटिंगला बसायच्याच नाहीत, चहा द्यायच्या. फील्डवर्कर मला म्हणाली, ताई हे रोजचंच आहे, रोजचं लिहायला लागले तर काम कधी करू. तिचं म्हणणं बरोबरच आहे, म्हणून लिहायचं ओझं कमी कसं करता येईल ते संस्थेने बघायचं.

आता दरवाजाशेजारी एक साधी दोनशे पानी वही टांगलीय. तारीख, काय दिसलं, कोणी पाहिलं, एका ओळीत. ज्यांना लिहायला नको वाटतं ते ऑफिसच्या मोबाईलवर व्हॉइस नोट टाकतात, अकाउंटंट ताई ती वहीत उतरवतात. सोमवारच्या मीटिंगची सुरुवात वही वाचून होते आणि मावशी खुर्चीवर बसतात. पहिल्या महिन्यातल्या बऱ्याचशा नोंदी भटके कुत्रे, जिन्यातला बंद दिवा, दारू पिऊन बसणारी माणसं अशा होत्या, ट्रस्टींपैकी एकजण म्हणाले हे काय लिहिताय. लिहू दे. जिन्यातल्या बंद दिव्याखालूनच काउन्सेलर संध्याकाळी सातला घरी जाते.

कायदा काय देऊ शकला असता

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यात कलम १८ खाली संरक्षण आदेश मिळतो, नवऱ्याने तिच्या कामाच्या जागी जाऊ नये, कुठल्याही मार्गाने संपर्क करू नये असं कोर्ट सांगू शकतं, आणि कलम २३ खाली समोरच्याला न ऐकता तातडीचा अंतरिम आदेशही देऊ शकतं. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असं कायद्यातच लिहिलंय, प्रत्यक्षात कोर्टात गर्दी असते हे मान्य. पण खरा फरक पुढे आहे. संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे हातात आदेश असता, आणि त्यात केंद्राचा उल्लेख करून घेतलेला असता, तर त्या संध्याकाळी एनसीवर भागलं नसतं.

इथे अर्ज तयार होऊन तीन आठवडे पडून होता. कारण विचारलं तर उत्पन्नाचे कागद आणि मुलांचे शाळेचे दाखले यायचे होते, पोटगीची मागणी नीट व्हावी म्हणून. आता पोटगी महत्त्वाची आहेच, पण संरक्षणाचा अर्ज त्यासाठी अडकवायची गरज नव्हती, बाकीचे कागद मागाहून जोडता येतात. ज्या केसमध्ये बाई लपून राहतेय तिथे संरक्षणाची मागणी आधी, हिशोब नंतर, हा नियम संस्थेने आता केलाय. मुलांच्या शाळेचंही तसंच. बाप शाळेत जाऊन मुलांना घेऊन गेला तर हातात कोर्टाचा कागद नसताना शाळा त्याला कशी अडवणार, म्हणून कलम २१ खाली तात्पुरत्या ताब्याची मागणी त्याच अर्जात घालतात.

स्टाफबद्दलही कायदा गप्प नाही. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा संस्थांना फक्त समिती नेमण्यापुरता माहीत असतो, दहा किंवा जास्त माणसं असली की समिती, वर्षाचा अहवाल, झालं. पण त्याच्या कलम १९ मध्ये मालकाचं कर्तव्य म्हणून सुरक्षित वातावरण लिहिलंय आणि त्यात कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनची सुरक्षितताही आहे. शिवाय कामानिमित्त कर्मचारी जिथे जाते ती जागाही कामाचं ठिकाणच. गृहभेटीला गेलेली फील्डवर्कर ज्या जिन्यात उभी असते तो जिनासुद्धा.

आणि एक गोष्ट इथेच सांगते, कारण ह्या कामात मुंबई फार पुढे होती. महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष टिसने (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केला, समाजकार्यकर्ता पोलिसांच्या आवारातच बसतो. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात महापालिका आणि सेहत ह्या संस्थेने २००० साली मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी दिलासा केंद्र काढलं, बाई दवाखान्यात चालले म्हणून येऊ शकते. ह्या दोन्ही रचनांमध्ये सुरक्षा जागेतच बांधलेली आहे, दारात पोलिस आहेत किंवा हॉस्पिटलची वर्दळ आहे. वस्तीतल्या छोट्या संस्थेने काम तेच घेतलं, पण ती जागा तिच्याकडे नाही, त्यामुळे जे तिथे आपोआप मिळतं ते इथे एकेक करून उभं करावं लागतं.

फोटोचं काय केलं

डोनरला सांगायला कोऑर्डिनेटर ताई घाबरत होत्या, फंड जाईल म्हणून. सांगितलं, तर कंपनीच्या सीएसआरच्या मॅडम हादरल्या, त्यांना कल्पनाच नव्हती की त्यांच्या फॉरमॅटमधला एक कॉलम असा कोणाच्या जिवावर येऊ शकतो. आता ह्या प्रोजेक्टला जिओटॅग बंद. फोटो क्लास संपल्यावरचे, रिकाम्या मशीन, शिवलेले ब्लाऊज, फार तर हात. खात्री करायची असेल तर कंपनीचा माणूस आधी ठरवून येतो आणि ऑफिसात बसून हजेरी तपासतो. रजिस्टरवर आता फक्त नंबर आणि सही, नाव-पत्त्याची वेगळी वही कपाटात कुलपात, किल्ली दोघींकडेच.

एक टेक्निकल गोष्ट, कारण टीममधल्या आयटीवाल्या मुलाने विचारलेलं की व्हॉट्सअ‍ॅप तर लोकेशन काढून टाकतं ना. फोटोच्या आत लपलेली लोकेशनची माहिती साधा फोटो म्हणून पाठवला की निघून जाते हे खरं, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते, आणि ह्या अ‍ॅपची पट्टी तर फोटोवरच छापलेली असते, ती कुठेच जात नाही. केसची चर्चाही आता व्हॉट्सअ‍ॅपवर नावाने करत नाहीत. फील्डवर्करचा फोन घरी मुलगा गेम खेळायला घेतो, हे सगळ्यांच्या घरचं आहे.

पैशाचा प्रश्न ट्रस्टींनी काढला, की सुरक्षेचा खर्च अ‍ॅडमिनमध्ये जाईल आणि अ‍ॅडमिनला जागा नाही. परदेशी निधीला ते अंशतः लागू आहे, २०२० च्या दुरुस्तीने एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यामध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. सीएसआरबद्दल मात्र गैरसमज फार आहे. नियमातले ५ टक्के हे कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहेत, संस्थेचा खर्च त्यात धरत नाहीत, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. कंपनी वेगळी अट घालू शकते, पण मग ती कंपनीची अट, कायद्याची नाही. संस्थेने पुढच्या बजेटमध्ये सुरक्षा ही कार्यक्रमातच वेगळी ओळ म्हणून टाकली. ग्रिल, कडी, दिवे, गृहभेटीला दोघींनी मिळून जायचा प्रवासखर्च आणि चौदा जणांचा ग्रुप अपघात विमा. कंपनीने काही न विचारता मंजूर केली.

ग्रिल म्हणजे मागच्या खोलीच्या खिडकीचं, बिजागरीवर उघडणारं करून घेतलं, किल्ली शेजारीच खिळ्याला. हे फक्त नवऱ्यांसाठी नाही. कपड्याच्या चिंध्या, इस्त्री, एकच दार, अशा खोलीत आग लागली तर काय. कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ ला १४ जण गेले, त्यातले बरेच बाहेर पडता न आल्याने टॉयलेटमध्ये अडकले होते. टेबल फिरवलं, आता काउन्सेलर दाराजवळ बसते.

भिंतीवर मोठ्या अक्षरात ११२ आणि १०३ (मुंबई पोलिसांची महिलांसाठीची हेल्पलाईन) लिहिलंय, खाली बिल्डिंगचं नवीन नाव, जुनं नाव, विंग आणि जवळची खूण, फोनवर जसं सांगायचं तसंच. नियम असा की आतली व्यक्ती ११२ लावते, बाहेरचीही लावते, दुसरीने लावला का हे कोणी विचारत बसत नाही, दोनदा गेला तरी चालेल. मदत हवीय हे समोरच्याला न कळता सांगायला एक वाक्य ठरवलं. आधी कोणीतरी सुचवलं चहा सांगा, पण ते दिवसातून दहादा म्हणतात. शेवटी मावशींनी ठरवलं, पितळी घंगाळ कुठे ठेवलंय. ऑफिसात घंगाळ नाही त्यामुळे चुकून कोणी म्हणणार नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. फील्डवर्करना लाईव्ह लोकेशन चालू ठेवायला सांगितलं तर त्यांनी सरळ नाही म्हटलं. एकजण म्हणाली सुपरवायझर दिवसभर बघणार मी कुठे किती वेळ बसले, ही सुरक्षा नाही, पाळत आहे. मला तिचं पटलं. मग ठरलं की गृहभेटीला आत जाताना आणि बाहेर आल्यावर एक मेसेज, लोकेशन फक्त अंधार पडल्यावर, आणि तेही सुपरवायझरला नाही, त्या दिवशीच्या जोडीदारणीला. बाहेर आल्याचा मेसेज पाऊण तासात आला नाही तर फोन, फोन नाही उचलला तर जोडीदारीण आणि अजून एकजण निघतात. गेल्या महिन्यात रंगीत तालीम केली, तर खिडकीच्या किल्लीला गंज आणि वॉचमन परत नवीन. वॉचमनसाठी आता केबिनमध्ये चिकटवलेला कागद आहे, हिंदी-मराठीत, चारच ओळी, पहिलीच ही की कोणी कोणाबद्दल विचारलं तर माहीत नाही म्हणायचं, ऑफिसच्या नंबरवर फोन करायचा.

बाईला अंतरिम आदेश मिळालाय. ती आता ह्या केंद्रात येत नाही, दुसऱ्या ठिकाणी जाते, मशीन तिला संस्थेने घरी दिली. काउन्सेलरने महिनाभर सुट्टी घेतली, परत आली, पण मंगळवारी दुपारच्या अपॉइंटमेंट अजून घेत नाही आणि तिला कोणी आग्रह करत नाही. तिच्यासाठी बाहेरच्या मानसोपचारतज्ज्ञाचे पैसे संस्था देते, ते बजेटमध्ये नव्हतं, एका ट्रस्टींनी स्वतःचे घातले. पुढच्या वर्षी ती ओळ टाकायचीय.

सोसायटीचं भिजत घोंगडं आहे. घटनेनंतर कमिटीने पत्र दिलं, केंद्रामुळे बिल्डिंगमध्ये भांडणं येतात, रहिवाशांना त्रास होतो, करार वाढवायचा का ते सभेत ठरवू. कोऑर्डिनेटर ताई आणि मी कमिटीला भेटलो. सेक्रेटरी काका म्हणाले आमचं काही वैयक्तिक नाही, पण पोलिसांची गाडी दारात नको. त्यांना जिन्यातले दिवे, गेटवरचा कागद, उघडणारं ग्रिल सगळं दाखवलं, पहिल्या मजल्यावरचे आजोबा आमच्या बाजूने बोलले. संस्थेने लेखी दिलंय की गेट आणि जिन्याच्या दिव्यांचं बिल संस्था भरेल आणि वर्षातून दोनदा सगळ्या बिल्डिंगसाठी आगीची तालीम घेईल. सभा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. तोपर्यंत ताई आसपास दुसरी जागा बघतायत, दोन दारांची.